बूट काढल्यावरचं रग्बी : कोकणात तालुका क्लब कसा उभा करावा

खेळणं थांबवलेल्या रग्बी खेळाडूला गावात लोक आधी कोच करतात, मग निवड समितीवर बसवतात आणि बघता बघता सचिवही करतात. तिन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडली की क्लबला उतरती कळा लागते. सराव घेणाराच संघ निवडतो, तोच खर्चाच्या व्हाउचरवर सही करतो. मग एका मुलाला वगळलं की त्याचा मामा हिशेब मागायला येतो, आणि त्याचं काही चुकत नाही. म्हणून कारभारात उतरायचं असेल तर पहिला निर्णय हा : शिट्टी हातात ठेवायची की पावतीपुस्तक? दोन्ही नाही.

जगात मोठ्या झालेल्या रग्बी प्रशासकांनी हे वेगळेपण सांभाळलेलं दिसतं. इंग्लंडचा कर्णधार बिल बोमंट याने १९८० मध्ये संघाला ग्रँड स्लॅम, म्हणजे पाच देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने, जिंकून दिला. १९८२ मध्ये डोक्याच्या दुखापतींमुळे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला खेळ सोडावा लागला. पुढे तो इंग्लंडच्या महासंघाचा अध्यक्ष झाला आणि २०१६ ते २०२४ जागतिक रग्बी संघटनेचा. २०२० ची निवडणूक त्याने अर्जेंटिनाचा माजी स्क्रम-हाफ आगुस्तिन पिचो याच्याविरुद्ध २८-२३ अशा मतांनी जिंकली, म्हणजे समोर उभा राहिलेलाही खेळाडूच. बेल्जियमकडून रग्बी खेळलेले आणि शिडाच्या होड्यांमध्ये तीन ऑलिंपिक केलेले जाक रोगे २००१ ते २०१३ आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष होते. सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीला ऑलिंपिकचं दार उघडणारा २००९ चा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीतला. आपल्याकडे भारताकडून खेळलेले अभिनेते राहुल बोस रग्बी इंडियाच्या अध्यक्षपदापर्यंत पोचले. तालुक्याच्या कार्यकर्त्याने यातून घ्यायची गोष्ट साधी आहे. खेळाडू म्हणून मिळालेला मान फार तर पहिल्या सभेपर्यंत पुरतो. पुढे कामाला येतात ते मैदान, रेफ्री आणि कागद.

आधी कागद

संस्था नोंदवायला किमान सात सदस्य लागतात. महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्ही नोंदण्या धर्मादाय कार्यालयातच होतात. घटना लिहिताना शेजारच्या कबड्डी मंडळाची घटना उचलून नाव बदलण्याचा मोह होतो, तो आवरा. तिच्यात ‘कबड्डीचा प्रसार’ हा उद्देश राहून जातो आणि जिल्हा संघटनेकडे संलग्नतेचा अर्ज गेला की तिथेच तो अडतो. उद्देशात रग्बी हा शब्द हवा. मुलींचे संघ, पंच प्रशिक्षण आणि स्पर्धा भरवणं हेही लिहून टाका.

कार्यकारिणी नऊ किंवा अकरा जणांची पुरे. राष्ट्रीय महासंघांसाठी २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने कार्यकारिणीची कमाल मर्यादा १५ ठेवली आहे आणि तिच्यात किमान चार महिला व दोन नामवंत खेळाडू असावेत असं म्हटलं आहे. हे कलम तालुका क्लबसाठी नाही. तरी त्याच प्रमाणात सुरुवातीपासून महिला घेतल्या तर मुलींच्या संघाबरोबर व्यवस्थापक कोण जाणार हा प्रश्न दर वेळी नव्याने सोडवावा लागत नाही.

कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करायचा. कोकणातल्या कितीतरी मंडळांचं घोडं इथेच अडलेलं असतं. अध्यक्ष मुंबईला, खजिनदार पुण्याला, निवडणूक झाली ती शिमग्याला गावी आल्यावर घाईघाईत, आणि अर्ज कोणी केलाच नाही. मग कार्यालयाच्या दप्तरी जुनीच माणसं विश्वस्त राहतात, बँक नवीन सह्या घेत नाही, अनुदानाचा धनादेश तसाच पडून राहतो. लेखापरीक्षण ३१ मार्चनंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत सादर करायचं असतं. गणपती याच दिवसांत येतात, त्यामुळे हिशेब सीएकडे जुलैतच पोचवा.

संलग्नता खालून वर जाते : क्लब, जिल्हा संघटना, राज्य संघटना, रग्बी इंडिया. जिल्ह्यात दोन गट आपापल्या संघटना मिरवत असतील तर राज्य संघटनेचं मान्यतापत्र कोणाकडे आहे ते आधी लेखी विचारा. गोड बोलणाऱ्याकडे जाऊ नका. चुकीच्या गटाच्या स्पर्धेत खेळलेल्या मुलाचं प्रमाणपत्र पुढे कामाला येत नाही, आणि हे त्याला कळतं ते नोकरीचा अर्ज करताना.

मैदान : जांभा, मळा आणि सिमेंटची पट्टी

पूर्ण मैदान ९४ ते १०० मीटर लांब आणि ६८ ते ७० मीटर रुंद, दोन्ही टोकांना वर इन-गोल, म्हणजे गोलरेषेपलीकडचा पट्टा. सेव्हन्सलाही तेवढंच. कोकणात एवढी सपाट जागा मिळणं कठीण, मिळालीच तर तिथे टेनिस बॉल क्रिकेटची सिमेंटची पट्टी असते. त्या पट्टीवर टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडणं, होऊ देऊ नका. वर मॅट किंवा माती टाकून भागत नाही, खांदा आदळतो तो खालच्या सिमेंटवरच. मैदान पट्टीच्या एका बाजूला सरकवा, भले रुंदी ४५ मीटर राहो. सरावाला आणि १४ वर्षांखालच्या मुलांना ती पुरते.

दुसरी अडचण जांभ्याची. सड्यावरच्या मैदानात चार बोटं माती आणि खाली कातळ. पहिल्या पावसानंतर खडे वर येतात. सराव सुरू करण्याआधी सगळ्यांनी हाताच्या अंतरावर ओळीत उभं राहायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत खडे वेचायचे, मग ओळ आडवी फिरवून पुन्हा तेच. दहा मिनिटं जातात. सड्यावर टॅग (कमरेची फीत ओढायची) किंवा टच (नुसता हात लावायचा) रग्बीच खेळवा, टॅकलचा सराव मऊ जमिनीवर ठेवा.

मऊ जमीन म्हणजे भाताचा मळा. कापणी झाल्यावर, नोव्हेंबरात, जमिनीत ओल असते आणि पडल्यावर लागत नाही. पण शेतकरी त्याच ओलीवर कुळीथ किंवा वाल पेरतो. तेव्हा बोलणी दसऱ्याच्या सुमारालाच करा आणि संमती कागदावर घ्या : किती महिने, बांधाला हात लावायचा नाही, शेवटी नांगरून कोण देणार. भाताची धसकटं तशीच ठेवून खेळू नका, गुडघ्यात आणि तळव्यात घुसतात. एकदा उथळ नांगरून, फळी फिरवून, वर हलका रोलर पुरे. बांधापासून मैदानाची रेषा किमान पाच मीटर आत घ्या. ट्राय मारायला, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवायला, झेपावलेला मुलगा रेषेवर थांबत नाही, बांधावरच जाऊन आदळतो.

रेषा आखायला चुना वापरू नका. रग्बीत तोंड जमिनीला लागतं, आणि ओला चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. खडूची भुकटी घ्या, नाहीतर गवतावर पाण्यात पातळ केलेला पांढरा डिस्टेंपर.

गोलपोस्टचं माप : दोन खांबांत ५.६ मीटर, आडवी दांडी जमिनीपासून ३ मीटरवर, खांबांची जमिनीपासूनची एकूण उंची किमान ३.४ मीटर. लोखंडी पाईप घेणार असाल तर गॅल्व्हनाइज्डच घ्या. साध्या पाईपला खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत जमिनीलगत गंज चढतो आणि खांब तिथूनच मोडतो, वरून रंग कितीही चांगला दिसो. तात्पुरत्या मैदानाला पोफळीचे सोट उत्तम. साडेसात मीटरचा सरळ सोट निवडा, एक मीटर पुरा, बुडात जांभ्याचे तुकडे ठोकून बसवा. जाड स्पंज ताडपत्रीत गुंडाळून माणसाच्या उंचीपर्यंत बांधा. हे झाल्याशिवाय सामना नाही. स्पंजची बाहेरची कड गोलरेषेपासून ३० सेंटीमीटरच्या आत राहायला हवी.

पुळण

पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, फुकट आहे, मऊ आहे, आणि संध्याकाळी अख्खा गाव बघायला येतो. पण वेळापत्रक समुद्राचं. ढोबळ हिशेब मच्छीमारांचाच : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे संध्याकाळी पुळण गायब. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-साडेअकराला, म्हणजे ओहोटी पाच-साडेपाचला, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर मागे जातं. महिन्यातले हे दोन आठवडे, तिथीच्या आगेमागे तीन-चार दिवस, संध्याकाळच्या सरावाला धरा. स्पर्धेची तारीख मात्र छापील भरती-ओहोटीच्या कोष्टकावरूनच ठरवा.

खेळायचं ते ओल्या, घट्ट वाळूवर. कोरड्या भुसभुशीत वाळूत घोटा मुरगळतो. लहान मैदान आखा, साधारण ३० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद, एका बाजूला पाच जण. आधी अनवाणी मुलांना न सोडता मोठ्यांनी चप्पल घालून फेरी मारायची : काच, गळ, जाळ्याचे तुकडे आणि पाकटाचे काटे. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायची जागा आणि सुकत घातलेली मासळी यांच्यापासून लांब राहा. रापणकरांना आदल्या दिवशी विचारलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही, न विचारता दोऱ्या लावल्या तर पुढच्या वेळी जागा मिळत नाही. वेळास, आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर विणीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, प्रकाशझोतातले सामने, लाऊडस्पीकर आणि वाळूत खांब पुरणं सपशेल टाळा. स्पर्धा भरवायची असेल तर ग्रामपंचायत, पोलीस ठाणे आणि सागरी मंडळाचं बंदर कार्यालय, तिघांची लेखी परवानगी लागते असं धरून महिनाभर आधी अर्ज करा.

पुळणीवरून आल्यावर चेंडू गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. मिठाने शिवण कुजते. हवा साडेनऊ ते दहा पीएसआय. डोळ्यांनी अंदाज करू नका, पंपाला मीटर घ्या. चार मुलांमागे एक चेंडू हवा. दहा वर्षांखाली तीन नंबरचा, चौदापर्यंत चार नंबरचा आणि पुढे पाच नंबरचा.

कबड्डीची पोरं आणि पहिला टॅकल

कोकणात रग्बीला खेळाडू कमी पडणार नाहीत, कारण प्रत्येक वाडीत कबड्डी आहे. पकडीची हिंमत, खाली वाकण्याची सवय, चढाई करणाऱ्याचा पाय ओळखण्याची नजर, सगळं तयार असतं. पण तीन सवयी मोडाव्या लागतात, आणि प्रशासकाने कोचला हे वेळापत्रकात लिहूनच द्यावं.

पहिली, धरून ठेवण्याची. कबड्डीत चढाई करणाऱ्याला दम सुटेपर्यंत सोडायचं नसतं. रग्बीत चेंडूवाला जमिनीवर आला की टॅकल करणाऱ्याने त्याला ताबडतोब सोडायचं. कबड्डीतून आलेले बचावपटू पहिल्या काही सामन्यांत याच एका चुकीवर पेनल्टी देत राहतात, आणि प्रेक्षक रेफ्रीला शिव्या घालतात. दुसरी, डोकं पुढे घालण्याची. रग्बीत गाल चेंडूवाल्याच्या मांडीच्या किंवा पार्श्वभागाच्या मागच्या अंगाला टेकलेला हवा, डोकं त्याच्या धावण्याच्या वाटेत येता कामा नये. गुडघा कानशिलावर बसतो तो याच चुकीमुळे. तिसरी, वरून अंगावर पडण्याची. साखळीतले बाकीचे जण जसे चढाई करणाऱ्यावर वजन टाकतात तसं रग्बीत पडलेल्या माणसावर टाकलं तर पेनल्टी आहे, आणि खालच्याच्या मानेला धोका.

शिकवण्याचा क्रम ठरलेला ठेवा. आधी पडायला शिकवा : गुडघा, कंबर, खांदा या क्रमाने, चेंडू छातीशी. हात टेकून पडणारा मनगट नाहीतर गळपट्टीचं हाड मोडून घेतो. मग दोघेही गुडघ्यांवर. मग टॅकल करणारा गुडघ्यावर आणि चेंडूवाला चालत. मग दोघेही चालत, आणि शेवटी हलक्या धावेत. प्रत्येक पायरीवर उजव्या खांद्याने जितके, तितकेच डाव्या खांद्याने. डावा खांदा कच्चा राहिलेला मुलगा सामन्यात चुकीच्या बाजूने डोकं घालतो. बारा वर्षांखालच्यांना टॅगच पुरे. नव्या संघांच्या सामन्यात स्क्रमला (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी जुळतात ती रचना) ढकलाढकल ठेवू नका, नुसता जुळवून चेंडू बाहेर काढू द्या.

सामन्याआधी हात तपासा. कडी, अंगठ्या, मनगटातले जाड धागे उतरवायचे. जर्सीत अडकलेल्या अंगठीने बोट सोलून निघतं. नखं कापलेली हवीत. करदोटा चड्डीच्या आत असेल तर वाद घालू नका.

डोक्याला लागलं तर

हा भाग सभेत ठराव करून मंजूर करा, कारण सामन्याच्या गरमागरमीत कोणी ऐकत नाही. डोक्याला मार लागून मुलगा गोंधळलेला, डळमळणारा, तोच प्रश्न पुन्हा विचारणारा किंवा क्षणभरही बेशुद्ध झालेला दिसला, तर त्याला बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत आत सोडायचं नाही. तो ‘बरा आहे’ म्हणाला तरी नाही, आमदार बघायला बसले असले तरी नाही. उलटी, वाढणारी डोकेदुखी, झोपाळूपणा किंवा झटका आला तर थेट रुग्णालय. पहिले २४ तास त्याला एकट्याला सोडू नका. आधी पूर्ण आराम, मग हळूहळू चालणं, धावणं, संपर्काशिवाय सराव. सामना २१ दिवसांच्या आत नाही, आणि त्यानंतरही लक्षणं पूर्ण गेलेली हवीत आणि डॉक्टरांची परवानगी हवी.

इथे कोकणातला एक खास घोटाळा आहे. रग्बी क्लब मुलाला तीन आठवडे बसवतो आणि पुढच्या रविवारी तोच मुलगा वाडीकडून कबड्डीच्या मॅटवर उतरतो. म्हणून चिठ्ठी पालकांना द्या, आणि त्याच्या मंडळाच्या व्यवस्थापकाला व शाळेच्या क्रीडाशिक्षकालाही फोन करा.

मानेला मार असेल तर हलवायचं नाही, डोक्यावरची मऊ टोपी, बूट काही काढायचं नाही, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून १०८ ला फोन. सामन्याच्या सकाळी दोन गोष्टी तपासा : रुग्णवाहिका मैदानापर्यंत येईल एवढं फाटक उघडतं का, आणि जवळचं सीटी स्कॅन मशीन आज चालू आहे का. दुसरी चौकशी फोन करूनच करायची. पावसाळ्यात खरचटलेल्या अंगाने मळ्यात खेळलेल्या मुलाला पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘चिखलात खेळला होता’ हे आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिसची शंका वेळेत येते. ऑक्टोबर आणि मे महिन्यात गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास थांबा.

पहिली स्पर्धा

आठ संघ बोलावू नका. हिशेब करून बघा : चार-चारचे दोन गट, १२ साखळी सामने, दोन उपांत्य, तिसरा क्रमांक आणि अंतिम धरून १६. सेव्हन्सचा सामना सात-सात मिनिटांचा, मध्ये दोन मिनिटं. आत-बाहेर धरून एका सामन्याला २२ मिनिटं लागतात. म्हणजे जवळजवळ सहा तास, आणि त्यात दुपारचं ऊन. सहा संघ घेतले तर दहा सामने, तीन तास चाळीस मिनिटं. सकाळी सातला सुरू केलं तर अकराच्या आत बक्षीस समारंभ. शाल-श्रीफळ आणि भाषणं त्यातच ठेवा. उद्घाटनाला पाहुणे उशिरा आले म्हणून गरम झालेली पोरं उन्हात रांगेत उभी राहतात आणि पहिल्याच सामन्यात मांडीचा स्नायू ओढला जातो.

तीन रेफ्री लागतात, पाळीपाळीने. दोन टच जज (बाजूच्या रेषेवरचे पंच) आणि इन-गोलला दोन माणसं वेगळी. रेफ्री बाहेरून आणायचा झाला तर जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन आधी ठरवा, म्हणजे सामना संपल्यावर पाकिटाची चर्चा होत नाही. स्वतःचे रेफ्री तयार करायला जागतिक संघटनेचे नियमांचे, प्रथमोपचाराचे आणि ‘रग्बी रेडी’ हे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत. खेळणं थांबवलेल्या प्रत्येकाला कोच करण्याऐवजी दोघांना शिट्टी द्या. रेफ्री नसलेल्या तालुक्यात रग्बी टिकत नाही, चांगला कोच असला तरी.

गुण आधी छापून द्या : विजयाला ३, बरोबरीला २, पराभवाला १, न आलेल्याला शून्य. गुण सारखे झाले तर आपसातला सामना, मग गुणफरक. हे मैदानावर ठरवायला बसलात तर स्पर्धा तिथेच संपते.

वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला आणि शाळेचा बोनाफाईड, दोन्ही ताडून बघा. प्रती फाइलमध्ये ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.

पैसा आणि प्रमाणपत्र

देणगी संस्थेच्या खात्यात, सचिवाच्या गुगल पेवर नाही. मुंबईकर चाकरमानी गणपतीत हौसेने पाचशे-हजार देतात, त्यांना तिथल्या तिथे क्रमांकाची पावती फाडून द्या. खात्यावर दोन सह्या, आणि त्यातली एकही कोचची नको.

प्रमाणपत्रात सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्यांची किंमत मुलं मोजतात. शासकीय नोकरीतलं पाच टक्के क्रीडा आरक्षण असो की दहावी-बारावीचे क्रीडागुण, कागद तपासले जातात. नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच, वडिलांच्या नावासह. जन्मतारीख, वयोगट, स्पर्धेची तारीख आणि ठिकाण, मिळालेला क्रमांक, अनुक्रमांक. त्याच अनुक्रमांकाची नोंद एका रजिस्टरमध्ये, सोबत संघयादी आणि रेफ्रीने सही केलेली गुणपत्रिका. पाच-सात वर्षांनी पडताळणीसाठी पत्र येतं तेव्हा सचिव बदललेला असतो आणि रजिस्टर कोणाच्या तरी माळ्यावर, बहुतेक वाळवीच्या ताब्यात. पानं स्कॅन करून संस्थेच्या ईमेलवर ठेवा, आणि पद सोडताना बदल अर्जाच्या पोचपावतीबरोबर त्या ईमेलचा पासवर्डही नव्या सचिवाच्या हाती द्या.